पायपुसण्याचं प्रकरण

आमच्या आणि सुमनवहिनींच्या परड्यांच्या मध्ये जांभ्या चिऱ्यांचा गडगा आहे, कमरेइतका उंच. गुरंढोरं येऊ नयेत म्हणून घातलेला. बातम्यांना त्याची कधी अडचण झाली नाही. श्रावणात आमच्या चिपळूणकडे पाऊस मधूनच तासाभराची उसंत देतो. तेवढ्यात दुपारचा चहा घशाखाली घालून इकडून आमची ही आणि तिकडून सुमनवहिनी गडग्याला येऊन टेकतात. मी पडवीत झोपाळ्यावर पेपर उघडून बसतो. पेपर सकाळीच वाचून झालेला असतो, पण हातात काहीतरी असलं की माणूस ऐकतोय अशी कुणाला शंका येत नाही.

हिच्याबद्दल एवढंच सांगतो, की ही सरकारी इस्पितळात नर्स होती आणि नोकरीची बरीच वर्षं कातडीच्या ओपीडीत काढली. त्यामुळे नवीन माणूस भेटला की ही त्याचं तोंड नंतर बघते, हातपाय आधी.

त्या दिवशी सुरुवात गॅसच्या सिलिंडरपासून झाली. तिथून गाडी वरच्या आळीतल्या मोडलेल्या लग्नावर गेली, मुलाकडच्यांनी किती मागितले त्याचा हिशेब झाला, आणि मग सुमनवहिनींनी आवाज खाली आणला. आवाज खाली आला की विषय सूनबाईंचा, हे मला आता पाठ आहे.

"वहिनी, आमच्या सूनबाईंनी माहेराहून काय आणलंय, सांगू?"

"काय हो?"

"पायाची खाज. घरात आधी कुणाला नव्हती. ही ठाण्याहून आली, आणि तेव्हापासून मला झाली, माझ्या प्रकाशला झाली. रात्री पांघरुणात पायाला पाय घासत पडलेली असते मी."

"दाखवा बघू पाय."

"इथे?"

"ठेवा की गडग्यावर. कोण बघतंय?"

मी पेपर जरा वर घेतला.

सुमनवहिनींनी चप्पल काढून पाय चिऱ्यावर टेकवला. हिने चष्मा नाकावर ओढला आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट हलकेच फाकवलं. मला पडवीतूनही दिसलं. बेचक्यातली कातडी पांढरीफटक आणि फुगलेली, कडेला साल सुटलेली आणि मधोमध एक बारीक लाल चीर. बाकीच्या बोटांत काही नाही.

"चिखल्या," ही म्हणाली. "आणि बघा, शेवटच्या बेचक्यातच. तिथे बोटं सगळ्यात जवळ असतात ना, वारा लागत नाही. पायाचं दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं."

"अहो पण मी यंदा शेतात पाऊल नाही टाकलं! लावणी सगळी माणसं लावून केली. चिखलच नाही तर चिखल्या कुठून?"

"चिखलाचं नाव उगाच. ही बुरशी आहे. ट्रायकोफायटॉन म्हणतात. तिच्यातली रुब्रम नावाची जी जात सगळ्यात जास्त सापडते ना, ती माणसाच्या अंगावरच जगते. मातीत तिचं काही नाही. आपल्या वरच्या मेलेल्या कातडीत, नखांत, केसांत केराटिन असतं, ते खाऊन राहते. तिला लागते ऊब, ओल आणि कोंडलेली हवा."

"मग लावणीवाल्या बायकांचे पाय सडतात ते?"

"त्यांचं थोडं निराळं. दिवसभर पाण्यात उभं राहून कातडीच भिजून सुटते, मग त्यात बुरशीही शिरते आणि जिवाणूही. आमच्याकडे यायच्या ना बायका, बेचकं हिरवट झालेलं, वास मारणारं. त्याला नुसतं बुरशीचं मलम लावून भागत नाही, औषध वेगळं. तुमची ही साधी आहे. दुसऱ्या माणसाच्या पायाकडून आलेली."

"म्हणजे मी म्हटलं तेच! सूनबाईंच्या पायाकडून."

ही गप्प राहिली. नोकरीतली सवय आहे तिची. पेशंट भरभरून बोलायला लागला की मध्ये तोंड घालायचं नाही.

"बाथरूमच्या दाराशी पायपुसणं कसलं आहे तुमच्याकडे?" हिने विचारलं.

"कसलं म्हणजे? जुन्या चादरीचं. चार घड्या घालून टाकते."

"धुता कधी?"

"धुते की." सुमनवहिनी थोड्या अडखळल्या. "म्हणजे, पावसात वाळत नाही हो काही. उन्हाळ्यात धुते."

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडच्या कुठल्याही घरात बाथरूमच्या दाराशी पडलेलं ते फडकं पाहावं. सकाळी सासूबाईंचे पाय पुसले जातात, मग सासऱ्यांचे, मग मुलाचे, सुनेचे, नातवाचे. तोवर फडक्यात कोरडा धागा शिल्लक नसतो. रात्री ते दांडीवर टाकतात तसंच ओलं, आणि सकाळी पुन्हा तिथेच. जमिनीवर मॉप फिरतो, भांडी घासली जातात, देव्हारा पुसला जातो. पायपुसण्याकडे कुणी बघत नाही, कारण ते मुळात घाण पुसायलाच असतं अशी सगळ्यांची समजूत.

"आता ऐका," ही म्हणाली. "ज्याला चिखल्या झाल्यात त्याच्या पायाचा कोंडा सतत गळत असतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. त्या कोंड्यात बुरशी जिवंत असते आणि ओल्या जागी महिनोन्महिने टिकते. बाथरूमची फरशी, सगळ्यांची मिळून एक ती रबरी चप्पल, टॉवेल, आणि तुमची ती चार घड्यांची चादर. भिजलेला पाय त्यावर ठेवला की कोंडा चिकटला. लगेच पाय कोरडा केला तर फारसं बिघडत नाही. तसाच बुटात घातला, की दिवसभर तिची चंगळ."

"प्रकाशचे सेफ्टी शूज आहेत ना! लोट्याला कंपनीत आठ-आठ तास काढायचे नाहीत म्हणे."

"तेच. त्याला झालंय हे सांगायला डॉक्टर नको. पण त्याच्याकडून सुरू झालं, का त्याला कुणाकडून लागलं, ते बघायला हवं."

इथून पुढे चौकशी सुरू झाली. हिने गडग्यावर दोन्ही कोपरं टेकली म्हणजे आता तासभर ही उठत नाही.

पहिली संशयित अर्थात सूनबाई. तर हिने तो मुद्दा दोन वाक्यांत निकालात काढला. "मंगळागौरीला तुमच्याकडे आले होते ना मी? पोरगी अनवाणी फुगड्या घालत होती रात्री बारापर्यंत. पाय बघितलेत मी तिचे. बेचकी साफ, टाचा साफ, नखं साफ. तिच्याकडून काही आलेलं नाही. उलट तिला आता तुमच्याकडून मिळेल."

सुमनवहिनींचा चेहरा पडला. हातातला आरोपी सुटला की वाईट वाटतंच.

दुसरा संशय पुण्याच्या भाच्यावर. तो हॉस्टेलवर राहतो, एका मजल्याला चार न्हाणीघरं आणि पोरं चाळीस. मे महिन्यात आंबे खायला येऊन आठवडाभर राहिला होता. हिने मान डोलावली. हॉस्टेल, पोहण्याचा तलाव, जिम, बराकी, ही सगळी या बुरशीची हक्काची ठिकाणं. जिथे पुष्कळ माणसं एकाच ओल्या फरशीवर अनवाणी चालतात. खेळाडूंच्या नावाने हा आजार ओळखला जातो तो उगाच नाही. "पण तो यायच्या आधीपासून तुमच्या घरात काही होतं का, ते आठवा."

"नाही हो. कुणाला खाज नव्हती."

"खाजेचं नाही विचारत मी. तुमच्या अण्णांच्या पायाला काय झालंय?"

"अण्णांच्या? काही नाही. भेगा आहेत."

"रोज रात्री कोकमाचं मुठेल चोळत बसतात ना ओसरीवर? दिसतात मला इथून."

"त्यांची कातडीच कोरडी. बारा महिने. तळव्याला पीठ लावल्यासारखं पांढरं असतं नेहमी. किती वर्षं झाली, मुठेल लावतात, दोन दिवस बरं दिसतं, की पुन्हा तेच."

"दोन्ही पायांना?"

"दोन्ही."

"आणि हाताला?"

सुमनवहिनी थबकल्या. "तुम्हाला कसं कळलं? उजव्या तळहाताची साल जाते. अहो, जन्मभर ड्रायव्हरकी केली, गिअर धरून धरून घट्टे पडलेत त्याला."

"डावा हात?"

"डावा चांगला आहे."

हिने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. हा मुहूर्त मला माहीत आहे. चष्मा पुसला जातो तेव्हा केस सुटलेली असते.

"सुमनवहिनी, दोन पाय आणि एक हात. आमच्या डॉक्टरांना असा पेशंट नुसता दारातून आत येताना दिसला तरी ते मला ब्लेड काढायला सांगायचे. ती कोरडी कातडी नाही, त्या भेगाही नाहीत. हीच बुरशी आहे, तळव्यावर पसरलेली. बेचक्यात असली की ओली, खाजरी. तळव्यावर असली की कोरडी, पांढरा भुसा, रेषारेषांत बसलेला, आणि खाज जवळजवळ नाहीच. म्हणून वर्षानुवर्षं कुणी दाखवत नाही. आणि ज्या हाताने माणूस पाय खाजवतो, साल ओढतो, त्या हातावर ती चढते. म्हणून एकच हात."

"ब्लेड कशाला?" सुमनवहिनी घाबरल्या होत्या.

"कापायला नाही हो. बोथट बाजूने भुसा खरवडायचा, काचेच्या पट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकायचा आणि थोडा वेळ थांबायचं. कातडीच्या पेशी विरघळून जातात आणि सूक्ष्मदर्शकात बुरशीचे लांब तंतू दिसतात, फांद्या फुटलेले. मी कितीदा बघितलेत. स्वस्तातली तपासणी आहे, कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात होते. अण्णांना घेऊन जा."

"अण्णा येतायत! त्यांना सांगू कसं, तुमच्या पायामुळे घरात खाज आली म्हणून? घर डोक्यावर घेतील."

"मग नखावरून सुरू करा. अंगठ्याचं नख कसं आहे त्यांचं?"

"पिवळं पडलंय. जाड. कातर लागत नाही त्याला. ठेच लागली होती म्हणतात."

"ठेचेचं नख वाढून निघून जातं. हे नख म्हणजे बुरशीची कणगी. पायावरची सगळी बुरशी मलमाने मारली तरी नखातला साठा पुन्हा बाहेर येतो. नखाला मलम पुरत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात तीन-तीन महिने, मध्ये यकृताची तपासणी करून. आणि पायाचं नख पूर्ण नवीन यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. सांगा त्यांना, नखासाठी जायचंय. पाय डॉक्टर आपोआप बघतील."

एवढ्यात मागच्या वाटेने मासेवाली मावशी आली. टोपली गडग्यावर टेकवली, तेव्हा हिने लगेच तिच्या पायांकडे बघितलं. बर्फाचं पाणी दिवसभर टोपलीतून अंगावर, पायांवर झिरपतं, पण मावशीचे पाय ठणठणीत.

"तुम्हाला नाही का हो होत चिखल्या?" सुमनवहिनींनी विचारलं.

"हुतात की. पन मी बूट कवा घातला? आन रातच्याला चुलीपुढं बसत्ये पाय पसरून. मेंदी लावत्ये भरपूर, बोटांच्या मधी." मावशीने बांगडे मोजता मोजता सांगून टाकलं. "त्या तुमच्या टूबा काय लावायच्या."

मावशी गेल्यावर ही म्हणाली, "तिचं सगळं चुकीचं नाही. मेंदीने कातडी आवळते, कोरडी राहते. झालेली बुरशी तेवढ्याने जाईल असं मी म्हणणार नाही, पण चुलीपुढे पाय वाळवते ना ती, ते खरं औषध. मुठेल लावलं असतं तर ओल आत कोंडली असती. टाचेच्या भेगांना मुठेल चांगलं, बेचक्यात तेल-तूप कसलंच नको. आणि बूट नाही तिच्या पायात."

बुटाचा मुद्दा मला पटला, कारण इतिहासही तेच सांगतो. रुब्रम ही मूळची आग्नेय आशिया, पश्चिम आफ्रिका या बाजूची मानतात. तिथली माणसं अनवाणी हिंडत, त्यांच्या अंगावर नायटे उठत, पायाला काही होत नसे. गेल्या दीड-दोनशे वर्षांत वसाहतींचे अंमलदार, सैनिक, व्यापारी यांच्याबरोबर ती युरोप-अमेरिकेत गेली, आणि तिथे तिला चामड्याच्या बुटात कोंडलेले, मोज्यात घामेजलेले पाय मिळाले. पुढे महायुद्धांतल्या बराकींनी तिची सोय केली. आपण आता बूट घालायला लागलो, तर ती त्याच बुटातून घरी परत आली आहे. हे मी मोठ्याने बोललो नाही. पेपर वाचणाऱ्याने बोलायचं नसतं.

"पण औषध तर मी लावतेय," सुमनवहिनी म्हणाल्या. "मेडिकलमधून आणलंय. लावलं की दोन दिवसांत खाज बंद. कमालीचं आहे. बंद केलं की परत येते, म्हणून मग पुन्हा लावते."

हिचा आवाज एकदम बदलला. "आणा ती ट्यूब."

सुमनवहिनी आत जाऊन ट्यूब घेऊन आल्या. शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत निम्मी संपवलेली. हिने ती डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचली, मग हात लांब करून वाचली.

"क्लोबेटासॉल. मला वाटलंच होतं. वहिनी, यात तीन औषधं आहेत. एक बुरशीचं, एक जिवाणूंचं आणि एक स्टेरॉइड. खाज थांबते ती स्टेरॉइडने. लाली जाते, आग जाते, माणसाला वाटतं बरं झालं. पण स्टेरॉइड काय करतं, तर कातडीची बुरशीशी चाललेली झुंजच बंद पाडतं. मग ती आतून आरामात पसरते. पाय, मांडी, जांघ, कंबर. वर्षभर लावून आलेल्या बायका बघितल्यात मी, मांडीला पांढरे चट्टे, कातडी कागदासारखी पातळ, आणि तिच्याखाली बुरशी जशीच्या तशी."

"मेडिकलवाला म्हणाला सगळेच नेतात."

"सगळेच नेतात म्हणूनच घोटाळा झालाय. 2018 पासून स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात. आपल्याकडे आता नायट्याची एक नवीन जात फोफावली आहे. 2020 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी भारतीय आणि नेपाळी पेशंटांच्या कातडीतून ती ओळखली आणि नाव दिलं इंडोटिनी. म्हणजे आपल्या देशाचं नाव चिकटलंय बुरशीला! टर्बिनाफिन नावाचं चांगलं औषध आहे, ते तिच्यावर बरेचदा चालत नाही. ती पायापेक्षा जांघेत, पोटावर जास्त येते. पण एकदा घरात आली की टॉवेलमधून सगळ्यांना देते."

"मग मी लावू काय?"

"उद्या प्रकाशच्या आधी तुम्ही जा डॉक्टरकडे, आणि ही ट्यूब घेऊन जा, दाखवा. बेचक्यातल्या साध्या चिखल्यांना नुसतं टर्बिनाफिन एक-दोन आठवडे, नाहीतर क्लोट्रिमाझोल चार आठवडे, एवढ्यात भागतं. लक्षात ठेवा, खाज आठ दिवसांत जाते, बुरशी नाही. लोक खाज गेली की ट्यूब फ्रीजवर ठेवतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच बाहेर काढतात. जिथे लाल दिसतं त्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं, दोन्ही पायांना, सगळ्या बेचक्यांत."

मग घराची व्यवस्था ठरली. हिने हुकूम दिले आणि सुमनवहिनींनी बोटांवर मोजत ऐकले. पायपुसणं बाथरूमच्या दारातून हद्दपार. प्रत्येकाला जुन्या धोतराचा स्वतःचा तुकडा, त्याने आधी पाय कोरडे करायचे, बोटा-बोटांत फडकं घालून. अंग पुसायच्या टॉवेलने पाय पुसायचे नाहीत, पुसलेच तर सगळ्यात शेवटी. ते तुकडे आणि मोजे आठवड्यातून दोनदा बंबातल्या कढत पाण्यात बुडवायचे. 60 अंशांच्या वर पाणी असेल तर बुरशी टिकत नाही. पावसात वाळत नाहीत, तर इस्त्री फिरवायची. बाथरूममध्ये एकच चप्पल सगळ्यांनी घालायची पद्धत बंद. प्रकाशने सेफ्टी शूजचे दोन जोड आलटून पालटून वापरायचे, एक जोड पुरता वाळायला किमान एक दिवस लागतो. दुसरा जोड मिळत नसेल तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे. इथे माझ्याकडे एक कटाक्ष आला, रद्दीच्या अंदाजाने. दुपारच्या सुट्टीत मोजे बदलायचे. पावडर टाकायची तर बुरशीची औषधी पावडर, आणि पाय कोरडे झाल्यावरच. ओल्या बेचक्यात साधी टाल्कम ओतली तर तिचा लगदा होतो.

"आणि एक," हिने आवाज इतका खाली आणला की मला झोपाळा थांबवावा लागला. "प्रकाशला सांगा, आंघोळीनंतर आधी मोजे घालायचे आणि मग चड्डी."

"अगं बाई! हे काय भलतंच?"

"भलतं नाही. पायाला बुरशी असली आणि चड्डी वर ओढताना त्यावर घासली, की बुरशी थेट जांघेत. पुरुषांना जांघेत होतं ना, त्यातलं पुष्कळसं पायातून वर गेलेलं असतं. आमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असायचा. जांघ दाखवायला आलेल्याला सांगायचे, आधी बूट काढ."

सुमनवहिनी पदरात तोंड लपवून हसत होत्या. मी खोकलो. दोघींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी नसल्यासारखं पुढे चालू केलं.

"नातवाच्या पण टाचांची साल जाते हो," सुमनवहिनी म्हणाल्या. "त्यालाही हेच लावू?"

"मुळीच नाही. लहान मुलांना ही बुरशी पायाला फारशी होत नाही. शाळेतले काळे बूट, ओले मोजे, त्यानं त्यांच्या चवड्याची कातडी चकचकीत होते, साल सुटते, ती बरेचदा दुसरीच भानगड असते. त्याला मोठ्या माणसाचं मलम चोळत बसू नका. बूट वाळवा, मोजे बदला, नाहीच गेलं तर दाखवा."

एका जागी मात्र ही हसली नाही. आपल्या सासूबाईंना साखर आहे, औषध चालू आहे, पण पायाला बधिरपणा आलाय असं सुमनवहिनी सहज बोलून गेल्या. तेव्हा हिने गडग्यावरून हात काढून त्यांचा हात धरला. बेचक्यातली ती बारीक चीर निरोगी माणसाला नुसती खाजवते. मधुमेह असलेल्याला कळतही नाही, आणि त्या चिरेतून जिवाणू आत शिरतात. पाय लाल होतो, गरम लागतो, सुजतो, अंगात ताप चढतो. त्याला सेल्युलायटिस म्हणतात, आणि म्हातारीला तेवढ्यावरून इस्पितळात भरती करायची पाळी येते. "रोज रात्री त्यांचे पाय तुम्ही बघा. बोटं फाकवून बघा. त्यांना वाकता येत नाही आणि दिसतही नाही. लालसर पट्टा वर चढताना दिसला तर सकाळची वाट बघू नका."

त्यातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, विषय निघाला. जुलै 2021 चा महापूर चिपळुणात कुणी विसरलेला नाही. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली होती. पुढचे कित्येक दिवस आम्ही सगळे उघड्या पायांनी दुकानांतला, घरांतला गाळ उपसत होतो. उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी चिरलेल्या कातडीतून आत गेलं की लेप्टो होतो, आणि बेचक्यातली चीर ही त्याला आयती वाट. मुंबईत 2005 च्या पुरानंतर लेप्टोची मोठी साथ आली होती. म्हणून पुराच्या पाण्यात उतरायचं तर गमबूट हवेत, आणि बाहेर आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करायला हवेत. गमबूट घालून दिवसभर तसंच बसलं की मग चिखल्या होतात, ही आणखी एक पंचाईत. दोन्ही सांभाळावं लागतं.

आभाळ पुन्हा भरून आलं. सुमनवहिनी उठल्या, चप्पल पायात सरकवली.

"अण्णांना कसं न्यावं, तेच कळत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणावं, शेजारच्या भाऊंना पण न्यायचंय डॉक्टरकडे, सोबतीला चला."

भाऊ म्हणजे मी. माझ्या पायाला काहीही झालेलं नाही. पण हिने ठरवलं म्हणजे मी गेलोच. आणि गेलोही. अण्णांच्या तळव्याचा भुसा ब्लेडने काचेवर घेतला तेव्हा मी शेजारी उभा होतो. तंतू निघाले. अण्णांनी डॉक्टरला विचारलं, "म्हणजे मुठेलात काही दोष नाही ना?" नाही, मुठेलात काही दोष नाही, असं डॉक्टरने सांगितल्यावर अण्णांचं समाधान झालं आणि ते गोळ्या घ्यायला तयार झाले. सूनबाईंची कुणी माफी मागितली नाही. तशी आपल्याकडे पद्धत नाही. पण बाथरूमच्या दारातलं पायपुसणं गेलं, आणि दांडीवर आता वेगवेगळे तुकडे वाळत असतात, ते मला पडवीतून मोजता येतात.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरी खाजेच्या मलमाची अर्धी वापरलेली ट्यूब कुठेतरी असेलच. ती आज काढा आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव त्यावर दिसलं, तर ती बोटांच्या बेचक्यात लावू नका, घरात दुसऱ्या कुणाला देऊही नका. ती ट्यूब आणि तो पाय, दोन्ही डॉक्टरला दाखवा.